बीजाची चौकशी उशिरा झाली : निफाडकडील एका दांपत्याच्या वंध्यत्वचिकित्सेचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २०२२ च्या अखेरीस, द्राक्षांची काढणी ऐन भरात असताना, निफाड तालुक्यातील एका बागायतदार कुटुंबातली सून आपल्या सासूबाईंबरोबर नाशिकला पंचवटीतील माझ्या चिकित्सालयात आली. वय २८ वर्षे, लग्नाला पाच वर्षे झालेली आणि त्यांतली चार वर्षे मूल व्हावे म्हणून वाट पाहण्यात गेलेली. बोलायला सुरुवात सासूबाईंनी केली. "मॅडम, सगळं करून झालं. दोन मोठी हॉस्पिटलं झाली, त्र्यंबकला नागबळी झाली, वणीच्या आईला नवस बोललाय. आता तुमचं आयुर्वेदाचं बघू म्हटलं." सून मान खाली घालून फायलीतले कागद तारखेप्रमाणे लावत बसली होती. रुग्णेच्या संमतीने आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे प्रकरण लिहीत आहे. यात माझ्या हातून झालेली एक चूकही आहे आणि तिच्यासाठीच हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

सासूबाईंना बाहेर बसवून रुग्णेशी एकटीशी बोलले, तेव्हा ती म्हणाली, "पाळी आली की मी घरात कुणाला सांगत नाही. सांगितलं की सगळे गप्प होतात." भावकीत कुणाचे डोहाळजेवण असले की तिला स्वयंपाकाला बोलावत, ओटी भरायला मात्र बोलावत नसत. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही, रीत म्हणून सांगितले. केसपेपरवर पाळीच्या दिवसांबरोबर मी हेही लिहून ठेवले. मूल असणाऱ्या किंवा होऊ शकणाऱ्या स्त्रीलाही गर्भ राहण्यास उशीर का होतो, याची कारणे चरकसंहितेच्या शारीरस्थानात एका श्लोकात आली आहेत : "योनिप्रदोषान्मनसोऽभितापाच्छुक्रासृगाहारविहारदोषात्। अकालयोगाद्बलसंक्षयाच्च गर्भं चिराद्विन्दति सप्रजाऽपि॥" योनिदोषाच्या पाठोपाठ दुसऱ्याच क्रमांकावर मनाचा अभिताप येतो. तिसरे कारण शुक्र आणि असृक् यांचे, म्हणजे पुरुष आणि स्त्री या दोघांच्या बीजांचे आहे. हा श्लोक मला पाठ होता. तरीही त्यातल्या एका शब्दाकडे मी पुढचे सात महिने पुरेसे लक्ष दिले नाही.

रुग्णेची पाळी पूर्वी नियमित होती. लग्नानंतर वर्षभरात वजन वाढत गेले आणि पाळी ५० ते ७० दिवसांनी येऊ लागली. स्राव तीन दिवस, अल्प, पहिल्या दिवशी कंबर आणि ओटीपोट दुखत असे. उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७१ किलो. हनुवटीवर राठ केस, मानेच्या मागे काळसर जाडसर त्वचा, जिभेवर सकाळी पांढरा साम थर (अर्धवट पचलेल्या अन्नरसाचा, म्हणजे आमाचा), जेवणानंतर जडपणा आणि दुपारी न आवरणारी झोप. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोश (अंडाशय) आकाराने वाढलेले होते, एक १२ आणि दुसरा १४ मिलिलिटरचा, आणि दोन्हींच्या कडेने लहान बीजपुटांची, म्हणजे बीज वाढते त्या पिशव्यांची, माळ दिसत होती. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके प्राकृत, म्हणजे सामान्य, होती, हिमोग्लोबिन १०.४ आणि उपाशीपोटीची साखर ९८ होती. दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रे तपासणीत दोन्ही गर्भनलिका मोकळ्या होत्या. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे क्षयरोग हे मोठे कारण असते, म्हणून हा कागद मी विशेष काळजीने पाहिला. बीज तयार होण्यासाठीच्या गोळ्या सहा आवर्तने घेऊन झाल्या होत्या. मेटफॉर्मिन हे इन्सुलिनचे कार्य सुधारणारे औषध पोटाला न सोसल्यामुळे तिने स्वतःच बंद केले होते. यजमानांच्या वीर्यतपासणीबद्दल विचारले, तेव्हा "दोन वर्षांपूर्वी केली होती, नॉर्मल आहे म्हणाले" असे उत्तर मिळाले. फायलीत तो कागद नव्हता. मी "वीर्यतपासणी प्राकृत (तोंडी)" अशी नोंद केली आणि पुढे गेले.

निदानाचा विचार

अनियमित आणि दीर्घ पाळी, पुरुषी संप्रेरकांच्या वाढीची लक्षणे आणि सोनोग्राफीतील बीजकोशांचे स्वरूप या तीनपैकी कोणतीही दोन आढळली, इतर कारणे वगळली गेली, की पीसीओएस (बीजकोशांत अनेक लहान पुटे दिसून पाळी आणि संप्रेरके बिघडण्याचा विकार) म्हणावे, असा २००३ सालचा रॉटरडॅम येथे ठरलेला निकष आहे. या रुग्णेत तिन्ही होती. त्यामुळे आधुनिक निदानाबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता तो आयुर्वेदीय निदानाचा, कारण चिकित्सा त्यावरूनच ठरते.

पीसीओएस म्हणजे काश्यपसंहितेतील पुष्पघ्नी जातहारिणी ही व्याधी, असे समीकरण अलीकडे सर्रास मांडले जाते. स्थूल आणि केसाळ गाल हे वर्णन जुळते, हे खरे. परंतु त्याच श्लोकात त्या स्त्रीला पुष्पदर्शन (पाळी) "यथाकाल", म्हणजे वेळेवर, होते आणि ते व्यर्थ जाते असे म्हटले आहे. माझ्या रुग्णेचे आर्तव (पाळीचा स्राव) यथाकाल मुळीच नव्हते. एका श्लोकातला अर्धा भाग जुळला म्हणून व्याधी जुळला असे मानणे मला पटत नाही. ग्रंथोक्त नाव सापडले नाही तरी दोष, दूष्य (दोषांनी बिघडणारे धातू), अग्नी आणि स्रोतस (शरीरातील वाहिन्या) यांचा विचार करून चिकित्सा करता येते, किंबहुना तशीच ती करावी.

त्या दृष्टीने सुश्रुताचे आर्तवक्षयाचे वर्णन अधिक जवळचे होते : उचित काळी आर्तव न दिसणे, ते अल्प असणे आणि योनिवेदना. रुग्णेचा जाठराग्नी (पचनशक्ती) मंद, रसधातू (आहारापासून प्रथम बनणारा धातू) साम आणि मेदोधातू (चरबी) वाढलेला होता. आर्तव हा रसाचा उपधातू, म्हणजे त्यापासूनच बनणारा. रसच आमयुक्त आणि कफबहुल असेल, तर आर्तव वेळेवर आणि पुरेसे तयार होत नाही. शिवाय वाढलेल्या कफमेदाने अपान वायूला (ओटीपोटातून खाली ढकलण्याचे काम करणाऱ्या वाताला) आवरण घातले की बीज बाहेर टाकण्याचे आणि रज प्रवृत्त करण्याचे त्याचे कार्य अडते. वाताशिवाय स्त्रीची योनी दूषित होत नाही, असे चरकाने चिकित्सास्थानात स्पष्ट म्हटले आहे, पण येथे वात स्वतः वाढलेला नव्हता, तो अडवलेला होता. हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. वाढलेल्या वाताला स्निग्ध आणि बृंहण (पुष्टी देणारी) चिकित्सा द्यावी लागते आणि अडवलेल्या वाताला आधी वाट मोकळी करून द्यावी लागते. मूल होण्यासाठी म्हणून पहिल्याच भेटीत शतावरी कल्प आणि फलघृत (गर्भधारणेसाठीचे औषधी तूप) देण्याची पद्धत आहे. या रुग्णेला ते दिले असते तर मेद वाढला असता आणि पाळी आणखी लांबली असती. मागच्या वर्षी कोणीतरी दिलेला शतावरी कल्प तिने सहा महिने दुधातून घेतला होता आणि त्या काळात तिचे वजन चार किलोंनी वाढले होते.

गर्भधारणेसाठी काय काय जुळून यावे लागते, हे सुश्रुताने शेतीच्या दृष्टान्ताने सांगितले आहे : "ध्रुवं चतुर्णां सान्निध्याद् गर्भः स्याद्विधिपूर्वकः। ऋतुक्षेत्राम्बुबीजानां सामग्र्यादङ्कुरो यथा॥" ऋतू म्हणजे बीज सुटण्याचा काळ, क्षेत्र म्हणजे गर्भाशय, अंबू म्हणजे पोषण करणारा आहाररस आणि बीज म्हणजे स्त्रीबीज व पुंबीज. द्राक्षबागायतदाराच्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही. छाटणीची तारीख चुकली, जमीन चोपण झाली, पाणी कमीजास्त झाले किंवा काडीच कच्ची राहिली, तर घड धरत नाही, हे सासूबाईंनीच मला सांगितले. रुग्णेच्या बाबतीत क्षेत्र चांगले होते, अंबू बिघडलेला होता आणि त्यामुळे ऋतू चुकत होता. बीजाचा अर्धाच विचार मी केला होता.

मुदत आणि पथ्य

चिकित्सा सुरू करण्यापूर्वी पती-पत्नी दोघांना बोलावून मी एक मुदत ठरवली. बारा महिने आयुर्वेदीय चिकित्सा, सहाव्या महिन्यात बीजोत्सर्ग होतो, म्हणजे बीज सुटते, की नाही याची तपासणी, आणि वर्षअखेर गर्भ राहिला नाही तर वंध्यत्वतज्ज्ञाकडे परत जाणे. रुग्णेचे वय २८ होते म्हणूनच ही वर्षभराची मोकळीक घेता आली. ती ३६ वर्षांची असती, तर मी तिला थांबवून ठेवले नसते. वयाबरोबर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता घटते आणि तो काळ कोणतेही औषध परत आणू शकत नाही. "गॅरंटी किती?" असे यजमानांनी विचारले. गॅरंटी नाही, असे मी सांगितले. स्त्रीवंध्यत्व बरे करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने मनाई आहे. तरीही हमी देणारे फलक दिसतात आणि त्यांच्यामुळे हताश कुटुंबांचा पैसा आणि त्याहून मोलाची वर्षे जातात, याचे मला मनापासून दुःख होते.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये काढणीमुळे घरात पहाटेपासून माणसांचा राबता होता. त्यामुळे पंचकर्म शक्य नव्हते. या दोन महिन्यांत निदानपरिवर्जन, म्हणजे कारणे टाळणे, एवढ्यावरच भर दिला. रुग्णा दिवसातून सहा वेळा गोड चहा घेत असे, मजुरांची जेवणे उरकल्यावर दुपारी तीनला जेवून झोपत असे आणि रात्री दही-भात खात असे. चहा दोनदा आणि बिनसाखरेचा झाला, दुपारची झोप बंद झाली, दह्याऐवजी दुपारच्या जेवणात जिरे-सुंठ घातलेले ताक आले, गव्हाऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाचे वरण, कुळथाचे कढण, दुधी, पडवळ आणि शेवग्याच्या शेंगा आल्या. रात्रीचे जेवण आठच्या आत. आमपाचनासाठी सुंठ आणि मुस्ता (नागरमोथा) यांचा काढा सकाळी दिला.

चालण्याचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. सुनेने सकाळी रस्त्याने नुसते चालायला जाणे गावात बरे दिसत नाही, असे घरचे मत होते. सासूबाईंना मधुमेह होता. मी दोघींना मिळून चालायला सांगितले. गुडघे दुखत असूनही त्या सुनेबरोबर पाटाच्या कडेने रोज पाऊण तास चालू लागल्या. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत परिणामकारक औषध तेच होते, कारण घरातल्या दोन स्त्रिया रोज पाऊण तास एकमेकींशी बोलू लागल्या. चरकाने श्रेष्ठ भावांच्या यादीत गर्भधारणेसाठी सौमनस्य (मनाची प्रसन्नता) श्रेष्ठ म्हटले आहे. ते काही औषधी दुकानात मिळत नाही.

वमन आणि बस्ती

आर्तवक्षयात संशोधन (शरीरशोधन) करावे आणि आग्नेय (उष्ण गुणाची) द्रव्ये वापरावीत, असा सुश्रुताचा उपदेश आहे. येथे संशोधन म्हणजे वमनच (औषधाने उलटी करवणे) घ्यावे, विरेचन (जुलाब) घेऊ नये, कारण विरेचनाने पित्त कमी होऊन आर्तव आणखी क्षीण होते, असे टीकाकार डल्हणाने स्पष्ट केले आहे. रुग्णा कफप्रधान, बल मध्यम आणि ऋतू वसंत, म्हणजे वमनासाठी सर्व अनुकूल होते. काढणी मार्चअखेर संपली आणि गुढीपाडव्यानंतर, खरड छाटणीची घाई सुरू होण्याआधीचे तीन आठवडे तिने स्वतःसाठी मागून घेतले.

रक्तदाब, हृदयाचा आलेख, यकृताच्या तपासण्या आणि गर्भ नसल्याची खात्री करून घेतल्यानंतर पाच दिवस वाढत्या मात्रेत, ३० मिलिलिटरपासून १५० मिलिलिटरपर्यंत, घृतपान दिले. पाचव्या दिवशी मळ स्निग्ध झाला, त्वचा मऊ झाली आणि तुपाचा तिटकारा आला. त्यानंतर एक दिवस अभ्यंग, स्वेदन आणि कफ उत्क्लेशित करणारा (सुटा करून वर आणणारा) आहार देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मदनफळाच्या योगाने आणि यष्टिमधूच्या फांटाने वमन दिले. सहा वेग (उलट्या) आले, शेवटी पित्तदर्शन झाले, नाडी आणि रक्तदाब स्थिर राहिले. शुद्धी मध्यम असल्याने पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज) आणि यूष (कढण) या क्रमाने नेहमीच्या जेवणावर आणणारा पाच दिवसांचा संसर्जनक्रम दिला. वमन हा घरी यूट्यूब पाहून करण्याचा उपचार नाही आणि सरसकट प्रत्येक पीसीओएसच्या रुग्णेला देण्याचाही नाही. कृश, वातप्रकृतीच्या किंवा रक्ताल्पता तीव्र असलेल्या स्त्रीत मी तो टाळते.

त्यानंतर तीन महिने कांचनार गुग्गुळ आणि वरुण-पुनर्नवा-दारुहळदीचा काढा चालू ठेवला. पाळी यायच्या सुमाराच्या आठवड्यात कोरफड, हिंग, टंकण (टाकणखार) आणि कासीस (हिराकस) असलेली रजःप्रवर्तिनी वटी दिली, तीही प्रत्येक वेळी मूत्रपरीक्षेत गर्भ नसल्याचे पाहूनच. ही खबरदारी अनेकदा राहून जाते. जिला गर्भ राहावा अशी आपली इच्छा आहे, तिलाच गर्भ राहिलेला असताना रज प्रवृत्त करणारे औषध दिले जाऊ नये, एवढे भान वैद्याने ठेवलेच पाहिजे.

वमनानंतरची पहिली पाळी ४१ दिवसांनी आली. पुढची ३८ आणि त्यापुढची ३५ दिवसांनी. जून ते ऑगस्ट या वर्षाऋतूच्या काळात, वाताची वाट आता मोकळी झाली आहे असे समजून, प्रत्येक पाळीनंतर आठ दिवसांचा योगबस्ती (गुदमार्गे औषध देण्याचा उपचार) दिला. त्यात दशमूळ क्वाथाचे तीन निरूह आणि तीळतेलाचे पाच अनुवासन होते. गर्भाशयात औषधी तेल सोडण्याची उत्तरबस्ती मी दिली नाही. क्षेत्र निर्दोष आणि नलिका मोकळ्या असताना, जंतुसंसर्गाचा धोका पत्करून ती देण्याचे कारण नव्हते. ती करायचीच असेल तर निर्जंतुक व्यवस्थेत आणि योनिमार्गाचा संसर्ग नाही हे पाहूनच करावी लागते.

जुलैच्या आवर्तनात बीजपुटाची वाढ सोनोग्राफीने पाहिली. विसाव्या दिवशी २० मिलिमीटरचे पुट दिसले आणि बाविसाव्या दिवशी ते फुटलेले होते, गर्भाशयाचे अस्तर ९ मिलिमीटर. आणखी सात दिवसांनी, बीज सुटल्यावर वाढणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक ११ आले. बीजोत्सर्ग होत होता. पाळी ३५ दिवसांची असेल तर बीज चौदाव्या नव्हे, साधारण एकविसाव्या दिवशी सुटते, कारण पुढच्या पाळीच्या आधीचा काळच साधारण चौदा दिवसांचा असतो. दांपत्याला गेली चार वर्षे बारावा ते सोळावा दिवस सांगितला गेला होता आणि त्यांनी तो काटेकोर पाळला होता. म्हणजे ऋतुकालाचे गणितच त्यांच्यासाठी चुकलेले होते. ऑगस्टमध्ये वजन ६५.५ किलो झाले, म्हणजे साडेपाच किलोंनी कमी.

माझी चूक

ऑगस्ट गेला, सप्टेंबरची पाळी ३४ व्या दिवशी आली. रुग्णा त्या दिवशी प्रथमच माझ्यासमोर रडली. "आता माझं सगळं व्यवस्थित आहे ना, मॅडम? मग का नाही?" त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी फाईल उघडली आणि जानेवारीतील माझ्याच हातची "तोंडी" ही नोंद दिसली. कागद पाहिल्याशिवाय तपासणी प्राकृत मानणे हा नवशिक्याचा दोष आहे. तो माझ्याकडून झाला होता. वंध्यत्वाची चौकशी दोघांची एकाच वेळी करायची असते. येथे मी एका स्त्रीला वमन दिले, बस्ती दिले, तिच्या ताटातले पदार्थ बदलले आणि तिच्या पतीकडून एक साधी तपासणी करून घेतली नाही. पतीचे वागणे सौजन्याचे होते, खर्चाला तो मागेपुढे पाहत नव्हता, म्हणून मला तो विषय पुन्हा काढावासा वाटला नाही, हे अधिक खरे कारण आहे. या संकोचाची किंमत पत्नीने भरली.

यजमानांना एकट्याला बोलावले. दोन वर्षांपूर्वी तपासणी झालीच नव्हती, असे त्यांनी बऱ्याच वेळाने सांगितले. घरी विचारले तेव्हा "नॉर्मल आहे" म्हणून ते मोकळे झाले होते. मी रागावले नाही. गावात पुरुषाबद्दल अशी शंका उठण्याची भीती किती खोल असते ते मला माहीत आहे. फक्त ऋतू-क्षेत्र-अंबू-बीजाचा श्लोक त्यांना समजावून सांगितला आणि बागेत एकाच ओळीतल्या वेलीला घड येत नसतील तर तुम्ही फक्त जमीनच तपासाल का, असे विचारले. दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. शुक्राणूंची संख्या मिलिलिटरमागे ९० लाख, पुढे सरकणारे १८ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषानुसार संख्येची किमान मर्यादा १ कोटी ६० लाख आणि पुढे सरकणाऱ्यांची ३० टक्के आहे. एका तपासणीवरून निष्कर्ष काढू नये म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा केली, तेव्हा संख्या १ कोटी १० लाख आली. शल्यचिकित्सकांनी तपासून वृषणाच्या शिरा फुगलेल्या नसल्याचे सांगितले, संप्रेरके प्राकृत होती.

वयाच्या अठराव्या वर्षापासून ते बागेत फवारणी करत होते. गोडी छाटणीनंतर भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी पावसाळी हवेत जवळजवळ दररोज फवारणी होते आणि त्या काळात तोंडाला फक्त रुमाल, हातात मोजे नाहीत, अंगावरचे भिजलेले कपडे दुपारपर्यंत तसेच. शिवाय दिवसभर मळलेला तंबाखू. शेतीतील रसायनांचा पुरुषबीजावर परिणाम होऊ शकतो, हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांमध्ये स्पष्टपणे दिसून आले होते. यांच्या बागेत ते रसायन वापरात नव्हते, त्यामुळे फवारणी हेच कारण असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु टाळता येण्यासारखे कारण समोर असताना ते टाळलेच पाहिजे. त्यांनी लगेच "मग मजुराला लावतो फवारायला" असे म्हटले. आपला धोका मजुराच्या अंगावर टाकणे हा उपाय नव्हे, हे मला थोडे कठोरपणे सांगावे लागले. ऑक्टोबरच्या छाटणीपासून बागेत फवारणी करणाऱ्या प्रत्येकासाठी योग्य मास्क, मोजे आणि पूर्ण अंगाचा पोशाख आला, फवारणीनंतर लगेच अंघोळ आणि कपडे वेगळे धुण्याचा नियम झाला.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत फरक पाहण्यात अर्थ नव्हता. तंबाखू बंद झाला, अर्थात दोनदा पुन्हा सुरू होऊन मगच. मृदू विरेचनानंतर अश्वगंधा, गोखरू आणि शुद्ध कवचबीज चूर्ण दुधातून दिले. रुग्णेला या काळात वमनोत्तर रूक्ष औषधे थांबवून फलघृत अल्प मात्रेत आणि फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू केले. फलघृताची वेळ आता आली होती. डिसेंबरअखेर यजमानांची संख्या १ कोटी ९० लाख आणि पुढे सरकणारे ३१ टक्के आले.

याच सुमारास सासूबाईंनी एकदा हळूच विचारले, "मुलगा होण्याचंही औषध असतं ना तुमच्यात?" ग्रंथांत पुंसवनाचे (मुलगा व्हावा म्हणून करायच्या विधीचे) वर्णन आहे, पण लिंगनिवडीला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे आणि तो कायदा नसता तरी मी ते औषध दिले नसते. त्यांना एवढेच सांगितले की जे येईल ते तुमच्या नातवंडाच्या रूपानेच येईल. त्या हसल्या आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

परिणाम आणि त्याचे मोल

५ जानेवारी २०२३ ला आलेली पाळी शेवटची ठरली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मूत्रपरीक्षा सकारात्मक आली आणि सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हृदयस्पंदन दिसले. ठरवलेली वर्षाची मुदत नुकतीच संपली होती. तंत्रसाहाय्याने गर्भधारणा करवणाऱ्या केंद्राची भेटीची तारीखही त्यांनी घेऊन ठेवली होती, ती रद्द केली.

हे यश कशाचे, असा प्रश्न मला सहकारी वैद्यांनी विचारला. वमनाचे, असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु पीसीओएसमध्ये वजन पाच ते दहा टक्के घटले तरी बीजोत्सर्ग परत येऊ शकतो, आणि या रुग्णेचे ते पावणेआठ टक्के घटले होते. त्यात वमनाचा वाटा किती, ज्वारीच्या भाकरीचा किती आणि पाटाच्या कडेने चालण्याचा किती, हे एका रुग्णेवरून वेगळे काढता येत नाही. वीर्यतपासणीतील आकडे तर औषधाविनाही खालीवर होतात. ऋतुकालाचे दिवस योग्य कळले, हेही कारण असू शकते. वंध्यत्वातील आयुर्वेदीय उपचारांना मोठ्या तुलनात्मक अभ्यासांचा आधार अजून पुरेसा नाही. लेट्रोझोल गोळ्यांना तो आहे आणि म्हणूनच पीसीओएसमध्ये बीजोत्सर्गासाठी त्या प्रथम पसंतीच्या मानल्या जातात. वमनापूर्वी सरासरी ६० दिवसांवर असलेली पाळी गोळ्यांशिवाय ३५ दिवसांवर आली आणि पुढे सहा महिने तशीच राहिली, एवढे मी नोंदीच्या आधारे म्हणू शकते. बीजाची तपासणी जानेवारीतच झाली असती, तर कदाचित आठ महिने वाचले असते, हेही तितकेच नोंदीत आहे. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर पतीच्या तपासणीचा रकाना पत्नीच्या रकान्याशेजारीच छापलेला आहे आणि कागद पाहिल्याशिवाय तो भरला जात नाही.

गर्भ राहिल्यावर गुग्गुळकल्प आणि काढे पूर्ण बंद होते. मासानुमासिक (गर्भावस्थेच्या महिन्यागणिक सांगितलेल्या) पथ्यापैकी दूध, तूप, तांदळाची पेज आणि यष्टिमधूसिद्ध दूध एवढेच चालू ठेवून रुग्णेला प्रसूतितज्ज्ञांकडे नोंदवले. पीसीओएसमध्ये गर्भावस्थेतील मधुमेहाचा धोका अधिक असल्याने पहिल्या भेटीत आणि २४ व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी झाली. दुसऱ्या वेळी दोन तासांनंतरची साखर १३२ आली, १४० च्या मर्यादेखाली. सातव्या महिन्यात घरी डोहाळजेवण झाले. ओटी भरण्यासाठी सासूबाईंनी भावकीतल्या एका मूल नसलेल्या बाईंना आवर्जून बोलावले होते, असे रुग्णेने मला फोनवर सांगितले. पितृपंधरवड्यात, २ ऑक्टोबर २०२३ रोजी, ३८ आठवडे पूर्ण होऊन नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगी, वजन २ किलो ७०० ग्रॅम.

बाळ दहा महिन्यांचे असताना रुग्णा पुन्हा आली. स्तन्यपान चालू होते, पाळी परत आली होती आणि पहिली दोन आवर्तने ४४ व ४८ दिवसांची होती. वजन ६९ किलो. पीसीओएस गेलेला नाही, तो दबलेला असतो, हे तिला आधीच सांगितले होते, त्यामुळे ती घाबरली नाही. वमन आत्ता देणार नाही, बाळाचे दूध सुटेपर्यंत आहार आणि चालणे एवढेच, असे ठरले. पाटाच्या कडेला ढकलगाडी चालत नाही, म्हणून मुलीला सासूबाई सांभाळतात आणि सकाळी चालायला आता पती-पत्नी जातात.